मदत हवी आहे: लेकीच्या डोक्यात 'स्क्विड गेम' बसलाय

मंडळी, २०२१ साली आलेली ही कोरियन मालिका आमच्या घरात कुणीच पाहिलेली नाही. मी फक्त कथानक वाचलंय: पैशांसाठी लहान मुलांचे खेळ खेळायचे, हरला तो मेला. लेक सात वर्षांची, पण तिला सगळं ठाऊक: ४५६ खेळाडू, गुलाबी कपड्यांतले मुखवटेवाले, ती अवाढव्य बाहुली आणि हललं की गोळी. सोसायटीतल्या मोठ्या मुलांनी यूट्यूब शॉर्ट्स आणि रोब्लॉक्स या ऑनलाइन गेमवरून हा खेळ उचललाय. खाली पार्किंगमध्ये रोज रंगतो. बाद झालेला 'आऊट' म्हणत नाही, 'मेलो' म्हणत आडवा पडतो.

झोप छान लागते तिला, दचकून उठणं वगैरे काही नाही. धास्ती बसलीय ती हरण्याची. साधी सापशिडी खेळतानाही हरायची वेळ आली की पट उधळून रडते. आणि हल्ली खाली गेली की आपणहून म्हणते, "मला कच्चा लिंबू ठेवा." एरवी या वयाच्या पोरांना कच्चा लिंबू म्हटलं की राग येतो, ही मागून घेते! परवा विचारलं, "आई, जे हरले त्यांनी काय चूक केली होती?" मला उत्तर सुचलं नाही.

सासूबाई म्हणतात, कंसाने बाळं शिळेवर आपटली हे ऐकतच आम्ही वाढलो ना? खरंय. नरसिंहाची गोष्ट तर लेक पुन्हापुन्हा मागते, पोट फाडण्यासकट. पण तिथे शेवटी मरतो तो कंस, हिरण्यकश्यपू. इथे मरणाऱ्याचा गुन्हा एवढाच की तो हलला. तिला सलतंय ते बहुधा हेच.

नवरा म्हणतो पॅरेंटल लॉक लाव. लावलेलंच आहे. २०२१च्या आयटी नियमांप्रमाणे ओटीटीवाल्यांना १३+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांना ती सोय द्यावीच लागते. पण लॉक मालिकेला लागतं. मालिकेचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे आणि पार्किंगमधला खेळ यांना काय लावू? लेकीचं खाली जाणंच बंद करणं मला पटत नाही.

तर, तिला झेपेल अशा भाषेत गोष्ट मीच सांगून टाकू का (कर्जबाजारी माणसं, श्रीमंतांची करमणूक वगैरे), की त्याने भीती आणखी वाढेल? हरण्याची धास्ती घालवायला कुणी घरी काही केलंय? समुपदेशकांना आत्ताच भेटावं की थोडं थांबावं? आणि त्या मोठ्या मुलांच्या आयांशी कसं बोलू? बाहुली होतो त्या मुलाची आई आणि मी एकाच भिशीत आहोत.