तपशीलवार बॅटलमॅप हाताने काढावा की नाही?

शाईदौत

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळात लढाई सुरू झाली की डीएम (खेळ चालवणारा) टेबलावर एक इंची घरांचा नकाशा पसरतो, त्यावर मिनी (पात्रांच्या छोट्या मूर्ती) उभ्या राहतात आणि पुढचं सगळं त्या घरांवर मोजलं जातं. एक घर म्हणजे ५ फूट. हा बॅटलमॅप हाताने, बारकाव्यांसह काढणं म्हणजे वेळेची नासाडी, असं हल्ली सारखं ऐकू येतं. मला ते अजिबात पटत नाही. अट एकच: नकाशावरच्या प्रत्येक वस्तूने खेळाडूच्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर दिलं पाहिजे. इथे उभं राहता येतं का? यामागे लपता येतं का? चढायला किती चाल जाते? हे पेटतं का? ज्या वस्तूकडे यातलं एकही उत्तर नाही, ती काढूच नये.

डी अँड डीची (डन्जन्स अँड ड्रॅगन्सची) पाचवी आवृत्ती घ्या. अर्धा आडोसा मिळाला तर एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) २ ने वाढतो, पाऊण मिळाला तर ५ ने. कमरेएवढी भिंत आणि बाणासाठी फट ठेवलेली भिंत यांत ३ चा फरक पडतो, आणि तो फासा टाकायच्या आधी डोळ्यांना दिसायला हवा. पूर्ण उंचीची भिंत काळी भरीव. बुटकी भिंत दोन बारीक समांतर रेघांची, मध्ये कोरी. झाडाचा बुंधा भरीव, पानांचा घेर तुटक रेघेने. हे एकदा ठरवून सगळ्या नकाशांत पाळलं की लढाईच्या ऐन मध्यावर होणारे वाद होतच नाहीत. जिथे एक घर दोन घरांची चाल खातं, तो राडारोडा हवा तेवढा देखणा काढा, पण त्याची हद्द घराच्या रेघेवरच संपू द्या.

कागद ए२, साधारण १५० जीएसएम (ग्रॅम प्रति चौरस मीटर). त्यावर १६ बाय २३ घरं बसतात, म्हणजे ८० बाय ११५ फुटांची जागा. फार जाड कागद घेतला तर सुरळी सोडल्यावर तो सपाट पडत नाही आणि कोपऱ्यातल्या मिनी कलंडतात. घरं २एच पेन्सिलने आखा. पट्टी सरकवत एकेक इंच मोजू नका: दर वेळी अर्धा मिलिमीटर चुकला तरी २३ घरांत साडेअकरा मिलिमीटर होतात, जवळपास अर्धं घर. पट्टी एकदाच ठेवून सगळ्या खुणा करा, समोरच्या कडेवरही तशाच, मग जोडा. दोन्ही कर्ण मोजून बघा. सारखे नसतील तर चौकट तिरकी झाली आहे, आणि पुढे काहीही केलं तरी ती सुधारत नाही.

भिंतींना ०.८ मिलिमीटरचा फाइनलायनर (बारीक टोकाचा शाईपेन), सामानाला ०.३, पोताला ०.१. शाई पिगमेंटची, पाण्याने न फुटणारी. हाताखाली कोरा कागद ठेवा आणि डावखुरे असाल तर उजवीकडून सुरुवात करा. शाई पूर्ण वाळल्यावर पेन्सिल खोडा. खोडताना शाईही थोडी फिकी होते, म्हणून भिंती त्यानंतर पुन्हा एकदा गिरवायच्या. घरांच्या अखंड रेघा शाईने काढू नका. राखाडी ०.१ ने छेदबिंदूंवर छोट्या अधिक-चिन्हाच्या (+) खुणा पुरतात.

सगळ्यात शेवटी हॅचिंग, म्हणजे बारीक समांतर रेघांनी भरणं. भिंतीच्या बाहेरच्या बाजूला अर्ध्या घराएवढा पट्टा, त्यात तीन-तीन रेघांचे झुबके, प्रत्येक झुबका शेजारच्याला टेकलेला पण दिशा वळलेली. एकाच दिशेने ओढत गेलात तर पट्टा फरशीसारखा दिसू लागतो आणि खडक कुठला, खोली कुठली हे कळेनासं होतं. फरशी नेहमी सगळ्यात फिकी ठेवा. मिनींचे तळ बहुतेक काळे असतात. पाच-सहा घरांत एखादी भेग पुरे.

खोडरबर

तपशील नियमाला जोडलेला असावा, इथपर्यंत सहमत. पुढचं नाही.

पहिला आक्षेप आकाराचा. एवढी मेहनत घेणारा माणूस एका कागदावर थांबतो. फायरबॉलची त्रिज्या २० फूट, म्हणजे व्यास ८ घरं. तुमच्या १६ घरांच्या रुंदीतली निम्मी रुंदी एका मंत्रात गेली. लाँगबोचा साधा पल्ला १५० फूट, म्हणजे ३० घरं, आणि तुमचा कागद लांबीकडून २३ व्या घराला संपतो. धनुर्धराने पल्ल्याचा फायदा घ्यायचा कुठे? मेहनतीमुळे नकाशा लहान राहतो, आणि लहान नकाशात सगळ्या लढाया जवळून होतात. हा दोष चित्रकलेचा नाही, पद्धतीचा आहे.

दुसरा आक्षेप: लढाईत जागा बदलते. माळा कोसळतो, दार फुटतं, तेल पेटतं. तिसऱ्या फेरीनंतर तुमचा ०.१ चा पोत खोटं सांगू लागतो.

विनाइल मॅट आणि वेट-इरेज (ओल्या फडक्याने पुसायचं) पेन घ्या. खोलीची बाह्यरेषा, दारं, दोन-चार आडोसे, एवढं दोन मिनिटांत होतं, आणि तेही पात्रं दारात उभी राहिल्यावर. ती दुसऱ्याच दिशेला वळली तर काही वाया जात नाही. ड्राय-इरेज (कोरड्या फडक्याने पुसायचं) पेन विनाइलवर वापरू नका, त्याचा रंग आत मुरतो. वेट-इरेजमध्येही लाल रंग मॅटवर फार काळ राहिला तर फिकट डाग मागे ठेवतो. खेळ संपला की त्याच रात्री ओल्या फडक्याने पुसा, आणि नवा पेन आधी मॅटच्या कोपऱ्यात पुसून बघा.

कर्णरेषा

हाताने काढावा या बाजूचाच आहे, पण शाईदौत यांनी घरांच्या हिशेबाचा भाग फार पटकन उरकला. नकाशे बिघडतात ते पेनामुळे कमी आणि भूमितीमुळे जास्त.

भिंत घराच्या रेघेवर हवी. घराच्या मधून गेली की दोन्ही बाजूंना अर्धी घरं उरतात आणि तिथे कोण उभं राहू शकतं ते दर वेळी ठरवावं लागतं. गुहेत भिंत वेडीवाकडी असणारच, पण पेन्सिलने काढून झाल्यावर कडेचं प्रत्येक घर तपासा. मोकळा भाग साधारण निम्मा दिसत असेल तर रेघ आत किंवा बाहेर ढकला, म्हणजे घर एक तर दोन-तृतीयांश मोकळं राहील किंवा एक-तृतीयांश. मग विचारायची वेळ येत नाही. गोल बुरुजाचं केंद्र छेदबिंदूवर घ्या, घराच्या मधोमध नको. केंद्र छेदबिंदूवर आणि त्रिज्या पूर्ण घरांत असली की वर्तुळ चारही बाजूंना रेघेला टेकतं, दारं नीट बसतात.

रुंदीचा विचार राक्षसापासून सुरू करा. लार्ज प्राणी २ बाय २ घरं व्यापतो, ह्यूज ३ बाय ३. खऱ्या घरातली दहा बाय दहाची खोली नकाशावर फक्त चार घरांची होते, तिथे ओगरसारखा लार्ज राक्षस उभा राहिला की लढाई संपली. एक घर रुंद बोळात पुढचे दोघे लढतात आणि बाकीचे आपली पाळी येण्याची वाट बघत बसतात. मुद्दाम तसं हवं असेल तरच बोळ ठेवा, सवयीने नको.

आणि ४५ अंशांचे बोळ. पाचव्या आवृत्तीच्या साध्या नियमात तिरकं घरही ५ फुटांचंच. दहा घरं तिरकं गेलं की ५० फूट मोजले जातात, कागदावर मात्र अंतर १४ इंचांहून जास्त, म्हणजे ७० फूट. तिरका बोळ नियमाने आखूड होतो. पाथफाइंडर या दुसऱ्या खेळात तिरकी घरं आळीपाळीने ५ आणि १० फूट धरतात, त्यात हा फरक जवळजवळ राहत नाही. तुमचं टेबल कुठला नियम पाळतं हे माहीत नसताना तिरक्या बोळांचा सुंदर नकाशा काढायला बसू नका. उघड्या मैदानासाठी मी षटकोनी घरांचाच आग्रह धरेन.

वीसबाजू

दोन्ही पक्ष घरं हवीतच असं धरून चालले आहेत. का?

१९७४ च्या पहिल्या डी अँड डीत चाल इंचांत दिलेली होती, कारण खेळ मिनींच्या युद्धखेळातून आला. तळघरात १ इंच म्हणजे १० फूट, बाहेर १० यार्ड. तो वारसा आहे, गाभा नाही. फेट या खेळात जागेचे विभाग करतात: अंगण, जिना, सज्जा. एका विभागातून दुसऱ्यात जाता येतं की नाही एवढाच प्रश्न. चार कार्डांवर नावं लिहिली की नकाशा तयार. घरं असली की खेळाडूची नजर कागदावर खिळते आणि पात्र काय करेल याऐवजी मिनी कुठे पोचेल याचा विचार सुरू होतो. नकाशा जितका देखणा, तितकी ही ओढ जास्त. आणि सुरळी उलगडली की आता लढाई होणार हे सगळ्यांना कळतं. बोलून मार्ग काढायची शक्यता तिथेच मरते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शाईदौत

@वीसबाजू, विभागांवर चालणाऱ्या नियमांना विभागच योग्य, त्यावर वाद नाही. पण ज्या नियमांत मंत्राची त्रिज्या २० फूट लिहिलेली आहे, किंवा डी अँड डीच्या २००८ च्या चौथ्या आवृत्तीसारखी जिथे सगळी अंतरं थेट घरांतच दिलेली आहेत, तिथे नकाशा काढून घेतला तर खेळाडूला दर पाळीला डीएमला विचारावं लागतं, "मी किती जणांना गाठतो?" निर्णय त्याच्या हातून जातो. सुरळीचं म्हणाल तर बोलणी, मेजवानी, बाजार यांनाही नकाशे पसरा, संकेत आपोआप बोथट होतो.

@खोडरबर, बदलत्या जागेसाठी नकाशावर २ मिलिमीटरची पारदर्शक ॲक्रिलिक शीट ठेवा. तिच्यावर ड्राय-इरेज चालतं. आग, कोसळलेला माळा, मंत्राचा घेर सगळं वरून काढा, खालचा नकाशा शाबूत. कागदही सपाट दाबला जातो.

खोडरबर

शीटवर दिव्याचा झोत पडला की टेबलाच्या एका बाजूला नकाशा दिसतच नाही. दिवा बाजूने हवा, बरोबर वरून नको. हलक्या प्लास्टिकच्या मिनी तिच्यावर सरकतात. हे दोन्ही सांभाळता येईल, मान्य. पण पल्ल्याच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही.

भिंग

पल्ल्याचं उत्तर लहान काढण्यात आहे.

५ मिलिमीटरच्या आलेख कागदावर काढा. समास सोडून ए४ वर ४० बाय ५६ घरं मिळतात, म्हणजे २०० बाय २८० फूट. लाँगबोचा १५० फुटांचा पल्ला आडवाही बसतो, उभाही. एक इंची घराचा ०.८ इथे चालणार नाही, तो घराचा सहावा भाग खातो. भिंतींना ०.३, हॅचिंगला ०.०५.

आलेखाच्या रेघा फिकट निळ्या असू द्या. रंगीत स्कॅन करून फक्त निळा चॅनेल (चित्रातला निळा रंगघटक) ठेवला की त्या जवळजवळ पांढऱ्या होतात आणि काळी शाई उरते. ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) ५ मिलिमीटरचे ११८ पिक्सेल होतात. ऑनलाइन खेळायचं असेल तर फाउंड्री या सॉफ्टवेअरमध्ये घर मुळात १०० पिक्सेलचं असतं, रोल२० मध्ये ७०, म्हणजे चित्र लहानच करायचं आहे. घरं तिथे सॉफ्टवेअरला आखू द्या. हाताने आखलेली आणि वरून आलेली घरं शेवटच्या रांगेपर्यंत कधीच जुळत नाहीत. फोनने फोटो काढला तर कडा फाकतात, म्हणून स्कॅनरच. (ए२ चा नकाशा ए४ स्कॅनरवर चार वेळात होईल असं वाटतं, पण ५९४ ला दोनदा २९७ म्हणजे तुकडे जोडायला जागाच उरत नाही. सहा स्कॅन धरा.)

टेबलावर हवा असेल तर ५०८ टक्के मोठा करून छापा. पूर्ण नकाशाला उभ्या धरलेल्या ए४ चे ३६ कागद लागतील, कारण समास सोडून एका कागदावर ७ बाय ११ घरं येतात. म्हणून लढाई जिथे होईल तेवढाच भाग छापा. २१ बाय २२ घरांना सहा कागद पुरतात. छपाईच्या खिडकीत "पानात बसवा" बंद करून १०० टक्के ठेवा, नाहीतर इंच किंचित आखूड येतो आणि मिनींचे तळ एकमेकांवर चढतात.

शाईदौत

पाचपटीत हाताची थरथरही पाचपट होते. अर्ध्या मिलिमीटरची चूक अडीच मिलिमीटरची दिसते. आणि ५ मिलिमीटरच्या घरात पिंप कुठलं, खांब कुठला हे ओळखू येत नाही, म्हणजे आडोशाचा प्रश्न परत तोंडी गेला. किल्ल्याचं आवार असं काढा, पण दिवाणखाना एक इंचीच हवा.

कर्णरेषा

दिवाणखान्याबद्दल सहमत, पण मग तो एकसंध ए२ वर काढू नका. खोल्या भिंतीबाहेरच्या हॅचिंगमधून कापून सुटे तुकडे करा. हॅचिंगचा पट्टा दोन्ही तुकड्यांवर पाव-पाव घर ठेवा, म्हणजे जोड त्यातच लपतो. खोली उघडली की तुकडा लावा, न उघडलेल्या खोल्यांवर काळा कार्डपेपर झाकत बसायची गरज नाही. गुप्त दार नकाशावर काढूच नका. भिंत अखंड काळी ठेवा, आणि दाराची एक इंची पट्टी वेगळी कापून सापडल्यावर तिथे ठेवा. भिंतीत बारीकशी फट सोडून तिथे शाई कमी दिली तर सावध खेळाडू ती पहिल्या फेरीतच हेरतो. कापलेल्या कडा काळ्या मार्करने रंगवा. पांढरी कड दिसली की तुकडे कुठे सुटे होतात ते लांबूनही कळतं.

खोडरबर

सुटे तुकडे म्हणत असाल तर माझा वाया जाण्याचा आक्षेप बराच सैल झाला, कारण तीच खोली दुसऱ्या तळघरात लावता येते. फक्त दारांच्या जागा आधी ठरवा: प्रत्येक कडेला दार कोपऱ्यापासून तिसऱ्या घरात. नाहीतर दोन तुकडे शेजारी ठेवल्यावर दारं समोरासमोर येणार नाहीत आणि मध्ये बोळ घुसडावा लागेल. जंगल आणि रस्त्याला मात्र मी मॅटच वापरणार. तिथे ३० घरांचा पल्ला लागतो आणि झाड दाखवायला एक वर्तुळ पुरतं.