‘चार्ज’ला मराठी शब्द कोणता?

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी ‘कुठला चार्ज?’ असे विचारावे लागते. बदली झालेला कारकून किल्ल्या, शिक्के आणि दप्तराची यादी पुढच्याच्या हवाली करून ‘चार्ज देतो’, पोलीस न्यायालयात ‘चार्जशीट’ दाखल करतात, बँक ‘चार्जेस’ कापून घेते आणि रात्री घरोघरी फोन ‘चार्जिंगला’ लागतो.

या सर्वांच्या मुळाशी एक गाडा आहे. लॅटिनमधील ‘कारुस’ म्हणजे चाकांचा गाडा. त्यावरून गाड्यात माल भरण्याचे क्रियापद तयार झाले आणि जुन्या फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत आले. ‘कार’ आणि ‘कार्गो’ त्याच कुळातले. इतकेच नव्हे, तर ‘कॅरिकेचर’सुद्धा, कारण त्यात चेहऱ्यावर अतिशयोक्ती लादलेली असते. गाड्यावरचे हे ओझे पुढे जबाबदारी म्हणून माणसावर, किंमत म्हणून गिऱ्हाइकावर आणि गुन्हा म्हणून संशयितावर चढले. बंदुकीत ठासलेली दारू हाही चार्जच, आणि अठराव्या शतकात लायडन बरणीत वीज साठवू लागल्यावर तिलाही हाच शब्द लागला.

मराठीनेही न ठरवता जवळपास हीच वाट धरलेली दिसते. पदभार, कार्यभार, अधिभार यांत ओझे उघड आहे; ‘आरोप’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थही वर चढवणे असाच असून आजही आपण आरोप ‘ठेवतो’. विजेच्या बाबतीत मात्र ‘भार’ हा ‘लोड’साठी आधीच गुंतलेला (वीजबिलावरचा ‘मंजूर भार’ पाहावा), त्यामुळे पाठ्यपुस्तकांनी ‘प्रभार’ स्वीकारला, हे मला योग्य वाटते. त्याच बिलावर ‘स्थिर आकार’ आणि ‘वहन आकार’ असतात. तो आकार म्हणजे आकारलेली रक्कम, आकृती नव्हे.

‘फोन प्रभारित कर’ असे मात्र कोणीही म्हणू नये. तिथे ‘चार्ज’ मराठीच झाला आहे. ‘लाठीचार्ज’साठी ‘लाठीमार’ अधिक नेमका, कारण काय झाले ते तो स्पष्ट सांगतो. आणि ‘डिस्चार्ज’चे म्हणाल, तर रुग्णाला तो मिळतो, पण धरणातून होतो तो ‘विसर्ग’, आणि पावसाळ्यात तो क्युसेकमध्ये मोजताना कोणालाही इंग्रजी शब्दाची आठवण होत नाही.