सगळ्यात आधी काय बदललं होतं? नैराश्य ओळखण्याचे आपले अनुभव

पर्वतीची लेक
माझे बाबा २५ वर्षं रोज पहाटे पर्वती चढायचे. गेल्या पावसाळ्यात गुडघा दुखतो म्हणून थांबले. मग पोट साफ होईना, छातीत धडधड, जेवणाला चव नाही. ईसीजी, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. आम्ही म्हटलं, वय झालं. शब्दकोड्याचं पान घडी न मोडता रद्दीत जायला लागलं, तेही मला दिसलं होतं. पहाटे तीनला जाग येऊन अंधारात सोफ्यावर बसलेले असायचे. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी विचारलं, "काका, अलीकडे मनापासून काय आवडलं?" बाबांना काही सांगताच आलं नाही.

ते एकदाही रडले नाहीत, 'उदास वाटतंय' म्हणाले नाहीत. म्हाताऱ्या माणसांचं नैराश्य असं अंगदुखीतून, पोटातून बोलतं हे मला ठाऊक नव्हतं. सहा महिने वाया गेले याचं अजून वाईट वाटतं.

तुम्ही पण लिहा. सुरुवातीला काय बदललं आणि ते कुणाच्या लक्षात आलं?

आसन ४१
सदाशिव पेठ, एमपीएससी. मुख्य परीक्षा दुसऱ्यांदा राहिली. अभ्यासिकेत सकाळी सातपासून बसायचो, पण पान उलटायचं नाही. मेसचा डबा तसाच परत. घरी फोनवर "चाललंय बरं". रूममेट म्हणाला, "भावा, चार दिवस तोच शर्ट आहे अंगात. उद्या मी येतो तुझ्यासोबत." आणि खरंच आला. ससूनला केसपेपर काढला.

तिथे नऊ प्रश्नांचा कागद दिला. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, लक्ष लागणं, स्वतःबद्दल वाईट वाटणं, हे किती दिवस झालं असं सगळं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे पेन थांबलं. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" मी हो म्हणालो. असं विचारल्याने डोक्यात नसलेलं खूळ शिरतं म्हणतात, माझं उलट झालं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते ओझं कुणीतरी दुसऱ्या बाजूने धरलं.

गोळ्यांचा गुण यायला जवळपास महिना लागला. बरं वाटलं म्हणून मीच बंद केल्या तर गरगरायला लागलं. असं करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करतात.

सांगवीची माहेरवाशीण
बाळ झोपलं तरी मला झोप नाही. आई डिंकाचे लाडू वळत होती आणि मला बाळाबद्दल काहीच वाटत नव्हतं. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येतं, ते दोनेक आठवड्यांत ओसरतं. माझं दोन महिने चाललं. घरच्यांना कळलं नाही. अंघोळ घालायला येणाऱ्या मावशी आईला म्हणाल्या, "ताई, पोरगी बाळाकडं बघतच न्हाई. डाक्टरला दाखवा."

हिंजवडी
मला दुःख नव्हतं, राग होता. मुलाने पाणी सांडलं तरी ओरडायचो. 'कामाचा ताण' म्हणून दीड वर्ष काढलं.

निवृत्त परिचारिका
रक्तही तपासून घ्या. थायरॉइड मंदावलं किंवा बी-१२ कमी असलं तरी असाच थकवा आणि मरगळ येते. पण रिपोर्ट चांगले आले की घरचे म्हणतात, "बघ, काही नाही तुला." तिथे थांबू नका.

नवीन
चार महिने झाले. कुणाला सांगितलं नाही. आसन ४१ने लिहिलेला नववा प्रश्न वाचून हात थरथरतोय.

आसन ४१
दादा किंवा ताई, जे कोण असाल, आत्ता १४४१६ लावा. टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात. घरात कुणी जागं असेल तर त्यांना उठून शेजारी बसायला सांगा. कारण नाही सांगितलं तरी चालेल. फोन झाला की इथे फक्त 'झाला' लिहा. मी जागा आहे.

नवीन
झाला. बहीण शेजारी बसली आहे.