दापोलीतलं सटक्लिफ आडनाव: मूळ गाव कसं शोधावं?

प्रश्न: आमच्या आजोळचं आडनाव सटक्लिफ. मूळ पुरुष कॅम्प दापोलीत गोरा शिपाई होता, एवढंच माहीत आहे. थेट डीएनए चाचणी करू का?

हर्णैकर: आधी कागद, ताई. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत एन/३ मालिकेत आहेत. लग्नाच्या नोंदीत वडिलांचं नाव आणि पलटण सापडते का बघा. पलटण राणीची, म्हणजे ब्रिटिश सरकारी सैन्यातली, असेल तर लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमधले डब्ल्यूओ ९७ हे निवृत्तीचे कागद काढा, त्यांत बहुधा जन्माचा पॅरिश (चर्चच्या हद्दीतलं गाव) असतो. ईस्ट इंडिया कंपनीची असेल तर मस्टर रोल, म्हणजे शिपायांचे हजेरीपट. स्पेलिंग मात्र दहा तऱ्हांनी शोधा. कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहीत.

गुहागरवाला: वाय-डीएनए बापाकडून मुलाकडेच जातो, म्हणून तुमचा नमुना चालणार नाही. सख्ख्या मामाचा किंवा मामेभावाचा घ्या. चाचणी किमान ३७ मार्करची (डीएनएवरच्या तपासायच्या खुणा), परवडलं तर १११. हॅप्लोग्रुप (एकाच पूर्वजापासूनचा वंशगट) आर१बी-एम२६९ आला तर युरोपीय बाजू भक्कम, कारण तो आपल्याकडे विरळा. नुसतं ‘आर१ए’ आलं तर घाई नको. तो दोन्हीकडे आहे. भारतात बहुधा झेड९३ शाखा, युरोपात झेड२८३.

हर्णैकर: हे आडनाव मूळचं इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या आसपासचं. तिथले सटक्लिफ डीएनएत जुळले नाहीत तरी कागद खोटे ठरत नाहीत. मध्ये कुठे दत्तक किंवा आईचं आडनाव लावलेलं असलं की साखळी तिथेच तुटते.