मदत हवी आहे: एक्सेलच्या बिल शीटवरून मॅक्रोने सदनिकावार पीडीएफ, १००४ एरर आणि मराठी नावांची प्रश्नचिन्हं

खातेवही
नमस्कार मंडळी. गृहनिर्माण संस्थेची तिमाही देखभाल बिलं एक्सेलमध्ये आहेत. 'यादी' शीटवर ओळीला एक सदनिका (नंबर, सभासदाचं नाव, क्षेत्रफळ, मागील बाकी, व्याज). 'बिल' शीटवर एकच नमुना आहे, सी४ मध्ये सदनिका नंबर टाकला की व्हीलुकअपने बाकीचं भरतं. मॅक्रो (एक्सेलमध्ये लिहिलेला छोटा प्रोग्राम) यादीतला एकेक नंबर सी४ मध्ये टाकतो आणि अ‍ॅक्टिव्हशीट.एक्स्पोर्टअ‍ॅजफिक्स्डफॉरमॅट वापरून त्या नंबराच्या नावाने पीडीएफ काढतो. विंडोज ११, ऑफिस २०२१.

अडचणी अशा:
१) ए विंगची बिलं व्यवस्थित निघतात. बी विंगच्या पहिल्याच बिलाला 'रन-टाइम एरर १००४, डॉक्युमेंट नॉट सेव्ह्ड'.
२) फाइलनावात 'बिल' हा शब्द हवा आहे, पण मॅक्रोच्या एडिटरमध्ये मराठी पेस्ट केलं की नुसती प्रश्नचिन्हं.
३) 'एकूण देय' हा शेवटचा रकाना दुसऱ्या पानावर जातो.
४) कधीकधी सगळ्या पीडीएफमध्ये एकाच सदनिकेचे आकडे येतात. फाइलनावं मात्र बरोबर असतात.

रकानेकर
बी विंगचे नंबर 'बी/१०१' असे लिहिलेत का?

खातेवही
हो! ए विंगला 'ए-१०१' आणि बी विंगला 'बी/१०१'. दोन वेगवेगळ्या लोकांनी याद्या केल्या होत्या.

रकानेकर
मग पहिलं कोडं सुटलं. तिरकी रेघ दिसली की विंडोज 'बी' नावाचा फोल्डर शोधायला जातं. तो नसतो, म्हणून १००४. विंडोजच्या फाइलनावात नऊ चिन्हं चालत नाहीत: दोन्ही बाजूंच्या तिरक्या रेघा, विसर्गासारखा कोलन, तारांकन, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, लहान-मोठेपणाचे दोन बाण आणि उभी रेघ. तारीख '०१/०४/२०२५' अशी नावात जोडली तरी हाच प्रकार होतो. सेलमधल्या तारखेला टेक्स्ट फंक्शनने वर्ष-महिना-दिवस असं रूप द्या, म्हणजे फोल्डरमधला क्रमही नीट लागतो.

'डॉक्युमेंट नॉट सेव्ह्ड' हा संदेश मोघम आहे. फोल्डर अस्तित्वात नसेल, त्याच नावाची जुनी पीडीएफ अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडी असेल, किंवा नावात सेलमधला आल्ट-एंटर (ओळ तोडणारं चिन्ह) राहिला असेल, तरी एक्सेल हेच सांगतं. एररच्या ओळीवर थांबलात की इमिजिएट विंडो उघडा (कंट्रोल+जी), प्रश्नचिन्ह आणि पुढे फाइलनावाचं व्हेरिएबल लिहून एंटर मारा. पूर्ण मार्ग छापून येतो आणि दोष बहुधा तिथेच दिसतो.

आता मांडणीबद्दल. मॅक्रोला शक्य तितकं कमी काम द्या. फाइलनाव कोडमध्ये जुळवू नका, 'यादी' शीटवरच एक जादा रकाना काढा आणि तिथे सूत्र लिहा: ट्रिम करा, सब्स्टिट्यूटने तिरकी रेघ बदलून आडवी रेघ करा, पुढे तिमाही जोडा. फायदा असा की चालवण्याआधी सगळी नावं डोळ्यांखालून जातात. शेजारी काउंटइफ लावून दुबार नावंही बघून घ्या. एक्स्पोर्टची ही मेथड (आज्ञा) जुनी फाइल न विचारता पुसून त्यावर नवी लिहिते. दोन सदनिकांचं नाव चुकून एकच झालं तर पीडीएफ एकाने कमी भरते आणि कोणाची गेली ते कळत नाही.

चौथी अडचण कॅल्क्युलेशनची आहे. वहीचं (वर्कबुकचं) कॅल्क्युलेशन मॅन्युअलवर गेलं असणार, म्हणजे सूत्रं आपोआप मोजली जात नाहीत. एक्सेल हे सेटिंग त्या बैठकीत पहिल्यांदा उघडलेल्या वहीवरून घेतं, म्हणून 'कधीकधी' होतं. सी४ भरल्यावर आणि एक्स्पोर्टच्या आधी अ‍ॅप्लिकेशन.कॅल्क्युलेट ही ओळ टाका. नुसतं शीटचं कॅल्क्युलेट पुरत नाही, कारण व्याजाची सूत्रं 'यादी'वर असतील तर ती जुनीच राहतील.

म्हणजे लूपच्या (दर सदनिकेसाठी पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या) आत कामं चारच: सी४ मध्ये नंबर, कॅल्क्युलेट, एक्स्पोर्ट, आणि यादीत त्या ओळीपुढे वेळ नोंदवणं. ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट कृपा करून लिहू नका. त्याने एरर दिसायची थांबते, पण पीडीएफ निघालेली नसतेच. त्याऐवजी ऑन एरर गोटू वापरा आणि त्या ओळीपुढे एरर नंबर लिहून पुढच्या सदनिकेकडे जा. एरर हाताळून लूपमध्ये परतताना रिझ्यूम हवंच. ते विसरलात तर दुसऱ्या एररला मॅक्रो तिथेच कोसळतो.

मेथडचं स्पेलिंग आणि आर्ग्युमेंट पाठ करायची गरज नाही. मॅक्रो रेकॉर्डर चालू करा, 'बिल' शीट एकदा हाताने पीडीएफ म्हणून सेव्ह करा, रेकॉर्डर बंद करा. पूर्ण ओळ तयार मिळते. त्यातलं ओपनआफ्टरपब्लिश फॉल्स करा, नाहीतर प्रत्येक बिल स्क्रीनवर उघडत बसेल. इन्क्लूडडॉकप्रॉपर्टीज पण फॉल्स ठेवा. वहीच्या गुणधर्मांत कोणे एके काळी टाकलेलं शीर्षक असलं तर ते प्रत्येक पीडीएफमध्ये उतरतं आणि सभासदाच्या ब्राउझरच्या टॅबवर भलतंच नाव झळकतं.

काना_मात्रा
दुसऱ्या अडचणीचं सांगतो. मॅक्रोचा एडिटर युनिकोड (सगळ्या लिप्यांची सामाईक अक्षर-क्रमांक पद्धत) जाणत नाही, तो विंडोजच्या जुन्या कोडपेजवर (एका भाषेपुरत्या अक्षरांच्या तक्त्यावर) चालतो. देवनागरीला असं कोडपेज नाहीच, त्यामुळे विंडोजची भाषा मराठी करूनही प्रश्नचिन्हंच राहतात. आणि प्रश्नचिन्ह फाइलनावात निषिद्ध, म्हणजे पुन्हा १००४. सेलमधून वाचलेला मराठी मजकूर मात्र आत युनिकोडच राहतो आणि एक्स्पोर्टची मेथड तो नीट स्वीकारते. रकानेकरांनी सांगितलेला जादा रकाना इथेही कामाला येतो, 'बिल' हा शब्द त्या सूत्रातच लिहा. अगदी कोडमध्येच हवा असेल तर सीएचआरडब्ल्यू फंक्शनने अक्षरं जोडा: ब २३४८, ऱ्हस्व वेलांटी २३६७, ल २३५४. चालतं, पण वाचवत नाही.

शीटचं नाव मराठीत असल्यामुळे वर्कशीट्स("बिल") असंही लिहिता येणार नाही. एडिटरमध्ये डावीकडच्या यादीत ती शीट निवडा, एफ४ दाबा, आणि कंसातल्या 'नेम'पुढे रोमनमध्ये काहीतरी द्या, समजा शबिल. हे कोडनेम. खालच्या टॅबवरचं मराठी नाव तसंच राहतं आणि कोणी ते बदललं तरी मॅक्रो मोडत नाही. शिवाय कोडनेमनंतर टिंब दिलं की मेथडची यादी खाली उघडते, अ‍ॅक्टिव्हशीटनंतर उघडत नाही.

फोल्डरचं नाव मराठी असेल तर डीआयआर, एमकेडीआयआर आणि किल या जुन्या आज्ञा वापरू नका, त्या युनिकोड नावावर अडखळतात. फाइलसिस्टिमऑब्जेक्ट घ्या, त्यात फोल्डरएक्झिस्ट्स आणि क्रिएटफोल्डर आहे. क्रिएटफोल्डर एका वेळी एकच पायरी बनवतो, वरचा फोल्डर आधी हवा. एमएसजीबॉक्समध्येही मराठीची प्रश्नचिन्हं होतात, म्हणून संदेश सेलमध्येच लिहिलेले बरे.

सभासदांची नावं श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये असतील तर पीडीएफ दिसायला ठीक येईल, पण नावावरून फाइलनाव करायला गेलात तर रोमन अक्षरांचा काला होईल. सेलमध्ये खरा मजकूर तोच असतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा.

खातेवही
एक, दोन आणि चार सुटले, आभार! कॅल्क्युलेशन खरंच मॅन्युअलवर होतं. आता तिसरं. पेज सेटअपच्या ओळी लूपमध्ये टाकल्या तर रकाना आत येतो, पण प्रत्येक बिलाला बराच वेळ लागतो.

रकानेकर
त्या ओळी लूपमधून काढा. शीट एकच आहे, तिचा पेज सेटअप एका सदनिकेवरून दुसऱ्या सदनिकेवर जाताना बदलत नाही. पेज लेआउटमध्ये हाताने एकदा करा: प्रिंट एरिया ठरवा, कागद ए४, फिट टू १ पान रुंद, १ पान उंच. कागद नक्की तपासा. लेटर निवडलेला असेल तर तो २१६ गुणिले २७९ मिमी, ए४ हा २१० गुणिले २९७, म्हणजे रुंदीला ए४ सहा मिमीने कमी. काठावरचा रकाना एवढ्यानेही बाहेर जातो.

हळू चालण्याचं कारण प्रिंटर. पेज सेटअपचा प्रत्येक गुणधर्म बदलताना एक्सेल डिफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरशी बोलतं. नेटवर्क प्रिंटर बंद असला की ताटकळतं, आणि प्रिंटरच नसेल तर 'पेपरसाइज सेट करता येत नाही' अशी एरर देतं. कोडमधूनच करायचं असेल तर आधी अ‍ॅप्लिकेशन.प्रिंटकम्युनिकेशन फॉल्स, सगळे गुणधर्म, मग परत ट्रू (एक्सेल २०१० पासून आहे). झूम फॉल्स केल्याशिवाय फिट टूच्या ओळी लागू होत नाहीत, हे बऱ्याच जणांचं राहतं. आणि डिफॉल्ट म्हणून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' ठेवा. विंडोजचं 'डिफॉल्ट प्रिंटर विंडोजने सांभाळावा' हे सेटिंग बंद करा, नाहीतर शेवटचा वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होतो आणि पानांची मोडणी बदलते.

दोन बारीक गोष्टी. स्क्रीनवर आकडा दिसतो आणि पीडीएफमध्ये ###### येतं, असं झालं तर रकाना थोडा रुंद करा, छपाईत अक्षरांची रुंदी किंचित वेगळी मोजली जाते. आणि मंगल फॉन्ट उंचीला जास्त जागा खातो. ओळीची उंची हाताने १५ वर बांधलेली असेल तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. २० ते २२ ठेवा. मर्ज केलेल्या सेलची उंची एक्सेल आपोआप वाढवत नाही, लांबलचक नावं तिथेच तुटतात.

प्रगतिपुस्तक
धाग्याला जोडूनच विचारतो. माझ्याकडे नमुना शीट नाही. एकाच शीटवर साठ विद्यार्थ्यांची प्रगतिपत्रकं एकाखाली एक आहेत, प्रत्येक ४५ ओळींचं. दर पानाची वेगळी पीडीएफ हवी.

रकानेकर
सरळ मार्ग म्हणजे एक्स्पोर्टमधली फ्रॉम आणि टू ही आर्ग्युमेंट: दोन्हींना तोच पान क्रमांक द्या. एकूण पानं पेजसेटअप.पेजेस.काउंटमधून मिळतात. एचपेजब्रेक्सवर विसंबू नका, नॉर्मल व्ह्यूमध्ये पडद्याबाहेरचे पेज ब्रेक नीट मोजले जात नाहीत.

पण या मार्गात एक खोच आहे. फिट टू चालू असताना हाताने घातलेले पेज ब्रेक एक्सेल जुमानत नाही, आणि ते बंद केलं तर झूमचा टक्का अंदाजाने ठरवावा लागतो. एका विद्यार्थ्याचा शेरा लांबला की त्याच्यापुढची सगळी पानं सरकतात, आणि एकाच्या नावाच्या फाइलमध्ये दुसऱ्याचे गुण जातात. गुणपत्रकाला हे परवडणारं नाही.

तुमचे तुकडे समान उंचीचे आहेत, तेव्हा पानं मोजूच नका. एक्स्पोर्टअ‍ॅजफिक्स्डफॉरमॅट ही मेथड रेंजलाही आहे. पहिला तुकडा ए१ ते एच४५, दुसरा ए४६ ते एच९०, म्हणजे एन-व्या विद्यार्थ्याची सुरुवात (एन − १) × ४५ + १ या ओळीवर. फिट टू १ बाय १ ठेवा, शीटवरची प्रिंट एरिया काढून टाका, आणि नाव त्याच तुकड्यातल्या ठरलेल्या सेलमधून घ्या. नाव आणि गुण एकाच रेंजमधून येतात, त्यामुळे अदलाबदल होत नाही. लूपच्या सुरुवातीला हजेरी क्रमांकाचा सेल रिकामा नाही ना, एवढं तपासा. कोणी मधे एखादी ओळ घातली असेल तर तिथेच पकडली जाईल.

खातेवही
आता सगळं सुरळीत. दोन प्रश्न राहिले. वही खजिनदारांना मेलने पाठवली तर त्यांच्याकडे लाल पट्टी येते आणि मॅक्रो चालतच नाही. आणि बिलांना पासवर्ड लावता येईल का?

काना_मात्रा
लाल पट्टी २०२२ पासूनची. इंटरनेटवरून वा मेलमधून आलेल्या फाइलचे मॅक्रो ऑफिस आता सरसकट अडवतं. फाइल डिस्कवर सेव्ह करून बंद करा, राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली 'अनब्लॉक'वर खूण, ओके. फाइल एक्सएलएसएम म्हणूनच सेव्ह असू द्या, एक्सएलएसएक्स केली की मॅक्रो गळून पडतो. वही वनड्राइव्हवर ठेवली असेल तर धिसवर्कबुक.पाथ हा डिस्कवरचा मार्ग न देता वेबपत्ता देतो आणि फोल्डर बनवणं फसतं. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डरही बऱ्याच मशीनवर वनड्राइव्हमध्येच असतात. पीडीएफचा मार्ग एका सेलमध्ये लिहून तिथून वाचा, खजिनदार आपला बदलून घेतील.

मुक्तस्रोत
पासवर्डचं: एक्सेलच्या या मेथडमध्ये ती सोयच नाही. लिबरऑफिस कॅल्कमध्ये (एक्सेलसारखा मोफत प्रोग्राम) आहे. तिथे स्टोअरटूयूआरएल वापरायचं, फिल्टरचं नाव कॅल्क_पीडीएफ_एक्स्पोर्ट, आणि फिल्टरडेटामध्ये एन्क्रिप्टफाइल ट्रू करून डॉक्युमेंटओपनपासवर्ड द्यायचा. पानं निवडायला पेजरेंज, ठरावीक सेल निवडायला सिलेक्शन. मार्ग थेट देऊ नका, कन्व्हर्टटूयूआरएलमधून काढून द्या. तिथल्या एडिटरमध्ये मराठी सरळ टाइप होतं. पण एक्सेलचा मॅक्रो जसाच्या तसा तिथे चालेल असं धरून बसू नका, एक्स्पोर्टचा भाग नव्याने लिहावा लागेल. आणि पासवर्ड म्हणून सदनिका नंबर ठेवू नका, तो फाइलनावातच आहे.