मदत हवी आहे: मॅडोनाच्या ‘एव्हरीबडी’ची बारा इंची रेकॉर्ड, सुरुवातीलाच खरखर

नमस्कार मंडळी,

विनाइल रेकॉर्ड वाजवणाऱ्या जाणकारांची मदत हवी आहे. प्रश्न एकाच रेकॉर्डचा आहे. मॅडोनाचं पहिलं सिंगल ‘एव्हरीबडी’, सायर रेकॉर्ड्स, ऑक्टोबर १९८२, अमेरिकेत निघालेली बारा इंची आवृत्ती, क्रमांक ०-२९८९९. माझा आतेभाऊ न्यू जर्सीत असतो, त्यानं तिथल्या एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानातून घेतली आणि या दिवाळीला येताना घेऊन आला. मी पुण्यात असतो. ही रेकॉर्ड मला बऱ्याच वर्षांपासून हवी होती.

अडचण अशी. ए बाजूला गाणं थेट ठेक्यावर सुरू होत नाही. आधी सिंथेसायझरचे जाड सूर येतात, मॅडोना श्वास आत ओढते, तो अगदी स्पष्ट ऐकू यावा असा घेतलेला आहे, आणि मग ती गात नाही, बोलते. माझ्या प्रतीत नेमक्या त्याच जागी खरखर आहे. तापलेल्या तेलात मोहरी पडल्यावर होते तशी, पण न थांबणारी. श्वास तिच्याखाली पूर्ण बुडून जातो. रेकॉर्डचे थोडे फेरे झाले, ठेका लागला, की खरखर जवळजवळ नाहीशी होते आणि पुढचं सगळं गाणं स्वच्छ वाजतं. बी बाजूवर याच गाण्याची डब आवृत्ती आहे, म्हणजे गायन बरंचसं काढून बास-ड्रम पुढे आणलेली, तिला काहीही झालेलं नाही.

प्लेअर पट्ट्यावर चालणारा, साधा पण चांगला आहे. कार्ट्रिज, म्हणजे सुई जिच्यात बसते ती डबी, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई, सुईचा दाब काट्यावर मोजून २ ग्रॅम ठेवलेला. याच सुईवर बाकीच्या रेकॉर्ड नीट वाजतात. रेकॉर्ड आधी कार्बन ब्रशनं झाडली, मग डिस्टिल्ड वॉटर आणि थेंबभर सौम्य साबण घेऊन खाचांच्या दिशेनं धुतली, परत नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं खंगाळून सावलीत वाळवली. मधली बारीकसारीक टिकटिक गेली, सुरुवातीची खरखर होती तशीच आहे.

तर ही घाण आहे की झीज? झीज असेल तर दुसरी सुई लावून काही फरक पडतो का? आणि दुसरी प्रत घ्यायचीच झाली तर विकणाऱ्याला नेमकं काय विचारायचं? लेबलवर कोणीतरी निळ्या पेनानं तीन आकडी संख्या लिहिली आहे, तिचा याच्याशी काही संबंध असेल का?

‘यूट्यूबवर ऐका की, फुकट आहे’ असं मित्रांनी सांगून झालंय, म्हणून या रेकॉर्डसाठी जीव का टाकतोय तेही लिहितो.

मॅडोना म्हटलं की आपल्याकडे लोकांना ‘लाइक अ व्हर्जिन’ आठवतं, फार तर ‘हॉलिडे’. ‘एव्हरीबडी’ या सगळ्यांच्या आधीचं. त्यापूर्वी ती ब्रेकफास्ट क्लब आणि एमी या न्यू यॉर्कच्या बँडमध्ये होती, तिथे ड्रमसुद्धा वाजवायची. स्वतःच्या एकटीच्या नावावर निघालेली पहिली रेकॉर्ड हीच. मॅनहॅटनमध्ये एकविसाव्या रस्त्यावर डान्सेटेरिया नावाचा क्लब होता, तिथला डीजे मार्क कॅमिन्स. तिनं डेमोची कॅसेट त्याला दिली, त्यानं ती क्लबमध्ये लावली आणि लोक नाचले. कॅमिन्स ती घेऊन आधी आयलंड रेकॉर्ड्सच्या ख्रिस ब्लॅकवेलकडे गेला, तिथून नकार आला. मग सायरचा मायकल रोझेनब्लाट, आणि त्याच्याकडून कॅसेट सायरचा प्रमुख सेमूर स्टाइन याच्याकडे. रमोन्स आणि टॉकिंग हेड्सना आपल्या कंपनीत आणणारा हा माणूस तेव्हा हृदयाच्या आजारामुळे रुग्णालयात होता. कॅसेट त्यानं पलंगावरच ऐकली, मॅडोनाला तिथेच बोलावून घेतलं आणि तिथेच बोलणी पक्की केली. सुरुवातीचा करार अल्बमचा नव्हता, सिंगल्सचा होता.

बी बाजूवर खरं तर ‘एन्ट नो बिग डील’ हे दुसरं गाणं यायचं होतं. ते रेकॉर्डिंग मनासारखं झालं नाही, म्हणून रोझेनब्लाटनं दोन्ही बाजूंना ‘एव्हरीबडी’च घेतलं, एकीकडे गायलेलं आणि दुसरीकडे डब. माझ्या मते हे फार छान झालं. एक संपूर्ण रेकॉर्ड एकाच गाण्याला मिळाली.

कव्हरवर मॅडोना नाही. लू बीच यांनी केलेलं न्यू यॉर्कच्या रस्त्याचं कोलाज आहे. चेहरा नाही आणि गाण्याचा बाज आर अँड बीचा, त्यामुळे अनेकांना गायिका कृष्णवर्णीय आहे असंच वाटलं. कंपनीनंही तो समज खोडायची घाई केली नाही. जिचा चेहरा पुढे जगभर भिंतींवर लागला, तिची ही पहिली रेकॉर्ड लोकांनी निव्वळ कानांनी पसंत केली. बिलबोर्डच्या डान्स यादीत गाणं तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. मुख्य हॉट १०० मध्ये मात्र आलंच नाही, त्या यादीच्या खाली १०७ वर थांबलं. १९८३ च्या जुलैमध्ये पहिला अल्बम आला, मग ‘हॉलिडे’ १६ व्या क्रमांकावर पोचलं, आणि ‘एव्हरीबडी’ म्हणजे चरित्रातलं एक वाक्य होऊन बसलं.

अल्बमवर हे गाणं आहे, पण कुठे? आठांपैकी शेवटचं. म्हणजे एलपीच्या बी बाजूवर अगदी आत, लेबलाला लागून. तिथे एका फेऱ्यात सुईखालून सरकणारी खाच बाहेरच्या फेऱ्यापेक्षा खूपच लहान असते, आणि तेवढ्याच वेळात तेवढाच आवाज तीत कोंबावा लागतो. तार सूर, ‘स’चे उच्चार, झांजा, सगळंच तिथे घुसमटतं. शिवाय तिथलं गाणं साधारण पाच मिनिटांचं, बारा इंचीवर सहाच्या आसपास, आणि बाहेरच्या ऐसपैस खाचांपासून सुरू होणारं. हे गाणं मुळात क्लबातल्या मोठ्या स्पीकरसाठी केलं, आणि ते त्या मापाचं फक्त याच रेकॉर्डवर आहे. म्हणून मला तो श्वास नीट ऐकायचा आहे.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

धागा आवडला. खरखरीचं कारण तुमच्या पेनाच्या आकड्यातच आहे. ती संख्या म्हणजे मिनिटाला किती ठोके, त्याचा हिशोब. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना वेग जुळवावा लागतो, म्हणून डीजे लोक लेबलवर किंवा जॅकेटवर तो लिहून ठेवायचे. तुमची प्रत कोणा डीजेच्या पेटीतून आलेली दिसते.

डीजे गाणं लावतो तेव्हा आधी हेडफोनवर सुरुवातीची जागा शोधतो. सुई खाचेत ठेवूनच रेकॉर्ड हातानं पुढे-मागे, पुढे-मागे फिरवतो, मग नेमक्या क्षणी सोडतो. हे रोज रात्री, वर्षानुवर्षं. क्लबातल्या सुया बहुधा गोल टोकाच्या, आणि उडू नयेत म्हणून दाब तीन-चार ग्रॅम किंवा त्याहून जास्त. सुई उलट दिशेनं घासली गेली की खाचेच्या भिंती खरवडल्या जातात. याला ‘क्यू बर्न’ म्हणतात. खूण अगदी ठरलेली: गाण्याच्या सुरुवातीचे मोजके फेरे, सलग खरखर, पुढे सगळं साफ. घाण असती तर ती बाजूभर कमीजास्त विखुरलेली असती, आणि टिकटिक-चटचट अशी ऐकू आली असती.

खात्री करायची तर रेकॉर्ड टेबललॅम्पखाली तिरकी धरा. गाणं सुरू होतं तिथे बाकीच्या काळ्या चकाकीपेक्षा किंचित राखाडी, मंद पट्टा दिसेल.

धुऊन हे जाणार नाही. तिथलं विनाइलच गेलेलं आहे.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत. सुईबद्दल थोडं सांगतो.

गोल टोकाची सुई खाचेच्या भिंतीला एका ठरावीक उंचीवर टेकते, आणि झीज मुख्यतः तिथेच होते. तुमची व्हीएम९५ई लंबवर्तुळी टोकाची आहे, तीही साधारण त्याच पट्ट्यात टेकते. मायक्रोलिनिअर किंवा शिबाता टोक भिंतीला उभ्या बारीक रेषेत टेकतं, त्यामुळे न झिजलेल्या भागाचा आवाजही तिला मिळू शकतो. तुमच्या कार्ट्रिजची सोय अशी की व्हीएम९५ मालिकेतल्या सगळ्या सुया एकमेकींच्या जागी बसतात. एमएल (मायक्रोलिनिअर) किंवा एसएच (शिबाता) सुई घेतलीत तर कार्ट्रिज न बदलता नुसती जुनी काढून नवी सरकवायची. खरखर पूर्ण जाईल असं वचन देत नाही. खाच तळापर्यंत खरवडली गेली असेल तर कोणतीच सुई काही करू शकत नाही. पण पैसे वाया जाणार नाहीत. तुम्ही एलपीच्या आतल्या गाण्यांची जी घुसमट लिहिलीत, तीही या सुईनं पुष्कळ कमी होते.

दाब २ ग्रॅम ठीक आहे. झीज आहे म्हणून कमी करू नका. हलकी सुई खाचेत नाचते आणि उरलेल्या भिंतीही खराब करते.

प्रतिसाद

राग मानू नका, पण एवढा खटाटोप या गाण्यासाठी? ‘हॉलिडे’ कितीतरी सरस आहे. ‘एव्हरीबडी’त चाल अशी फारशी नाही, तेच ते परत येत राहतं.

धागाकर्ता

राग कसला. ‘हॉलिडे’ मलाही प्रिय आहे. पण ‘एव्हरीबडी’कडे चाल म्हणून पाहिलं तर ते हाती लागत नाही. बाराइंची हा प्रकारच नाचणाऱ्यांसाठी जन्मला. १९७० च्या दशकाच्या मध्यावर न्यू यॉर्कमध्ये डिस्को गाण्यांचं मिक्सिंग करणाऱ्या टॉम मोल्टन यांनी एक गाणं नेहमीच्या सात इंचांऐवजी मोठ्या तबकडीवर कापून घेतलं, खाचा रुंद आणि दूरदूर पडल्या, आवाज दणदणीत आला, आणि १९७६ मध्ये सॅलसोल कंपनीनं डबल एक्सपोजरचं ‘टेन पर्सेंट’ दुकानात विकायला आणलं. तेव्हापासून या रेकॉर्डवर गाण्याला पसरायला जागा मिळाली. ‘एव्हरीबडी’त ती गोष्ट सांगत नाही, भिंतीला टेकून उभ्या असलेल्यांना नाचायला बोलावते. असं बोलावणं परत परतच येणार.

एकदा बी बाजू मोठ्या आवाजात ऐकून पाहा. गाणं जवळजवळ काढून घेतलंय, बास आणि ड्रम पुढे आणलेत, आवाजाचे तुकडे मध्येच येतात आणि प्रतिध्वनीत विरतात. ही जमैकाच्या किंग टबी वगैरे ध्वनिमुद्रण करणाऱ्या मंडळींची देणगी, न्यू यॉर्कच्या क्लबांनी उचललेली. फ्रेड झार यांच्या कीबोर्डचं काम मला या बाजूवर जास्त कळलं. चाल नसलेलं गाणं इतकं सोलल्यावर उभं राहिलं नसतं.

प्रतिसाद

दुसरी प्रत शोधणार असाल तर दोन गोष्टी. ज्या प्रतींवर सोनेरी शिक्क्यात ‘प्रमोशनल यूज’ असं छापलेलं असतं त्या संग्राहकांना आवडतात, पण त्या मुळात वाटल्या जायच्या डीजे आणि रेडिओवाल्यांना. तुम्हाला सुरुवात स्वच्छ हवी आहे, तेव्हा दुकानात विकली गेलेली साधी प्रतच बघा. लेबलवर, जॅकेटवर आकडे किंवा स्टिकर नसलेली.

दुसरं, डिस्कॉग्ज या रेकॉर्ड विकणाऱ्या संकेतस्थळावर बहुतेक विक्रेते रेकॉर्ड नुसती बघून दर्जा लिहितात. नुसतं ‘व्हीजी प्लस’ (म्हणजे ‘खूप चांगली’च्याही वरचा दर्जा) वाचून पैसे भरू नका. वाजवून पाहिली का विचारा, आणि ए बाजूची पहिली तीस सेकंदं फोनवर रेकॉर्ड करून पाठवायला सांगा. चांगला विक्रेता पाठवतो. लेबलजवळच्या मोकळ्या पट्ट्यात कोरलेल्या अक्षरांचा फोटोही मागा. तिथे ‘एसआरसी’ असेल तर ती पेनसिल्व्हेनियातल्या स्पेशॅलिटी रेकॉर्ड्सच्या कारखान्यात बनलेली प्रत. वॉर्नर गटाचं बरंच काम तेव्हा तिथे व्हायचं.

जॅकेटचा कोपरा कापलेला किंवा भोक पाडलेलं असेल तर घाबरू नका. तो न खपलेला माल स्वस्तात काढल्याची खूण असते. अशा प्रती बऱ्याचदा कमी वाजलेल्या निघतात.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. दिव्याखाली तिरकी धरून पाहिली. राखाडी पट्टा आहे, रुंदी जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी, ठेका लागतो तिथे संपतो. म्हणजे क्यू बर्नच.

ही प्रत काढून टाकणार नाही, बी बाजूसाठी ठेवतो. आतेभावाला कोपरा कापलेल्या प्रतींबद्दल कळवलंय, तो येत्या शनिवारी त्याच दुकानात बघून येणार आहे. तोपर्यंत सुईचा उपाय करून बघायचा आहे, पण एमएल सुई विकत घेण्याआधी एकदा याच रेकॉर्डवर ऐकता आली तर बरं. पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये कोणाकडे व्हीएम९५ची एमएल किंवा एसएच सुई असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप करा. रेकॉर्ड घेऊन मी तुमच्याकडे येईन, रविवार सकाळ मला सोयीची आहे.