१८६६ की १८८०? इंग्लंडची पहिली खरी हौशी अजिंक्यपद स्पर्धा कोणती?

धागा

हौशी मैदानी स्पर्धांचा इतिहास २३ मार्च १८६६ पासून सांगतात. त्या दिवशी लंडनच्या वॉलहॅम ग्रीन भागात, ब्यूफोर्ट हाउसच्या मैदानावर अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक क्लबने पहिली अजिंक्यपद स्पर्धा भरवली. तिला हा मान देणं मला पटत नाही. तारीखच बघा ना, दुसऱ्या दिवशी ऑक्सफर्ड-केंब्रिजची बोट रेस होती. सगळा बेत विद्यापीठातल्या मुलांच्या सोयीचा. क्लबच्या नियमात हौशी म्हणजे 'जंटलमन', आणि कारागीर-मजुरांना चक्क दार बंद. पैसे घेऊन धावले म्हणून नव्हे, हाताने काम करतात म्हणून! देशातले बहुतेक तरुण ज्या रेषेवर उभेच राहू शकत नाहीत, तिथला विजेता इंग्लंडचा अजिंक्यवीर कसा?

माझ्या मते खरी सुरुवात ३ जुलै १८८० ची, लंडनमधल्या लिली ब्रिज मैदानावरची. एप्रिलमध्ये ऑक्सफर्डच्या रँडॉल्फ हॉटेलात अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली आणि कामगारबंदी गेली. स्पर्धा उन्हाळ्यात आली, शिवाय लंडनबाहेरही जाऊ लागली.

प्रतिसाद १

साफ असहमत. १८८० ची संघटना उभी करणारे जॅक्सन, शिअरमन आणि वाइज तिघेही ऑक्सफर्डचेच. १८६६ पासून दरवर्षी स्पर्धा भरत आली नसती तर त्यांनी सुधारायचं तरी काय? आणि पैसे घेऊन धावणाऱ्यांवरची बंदी निव्वळ उच्चभ्रूंचा नखरा नव्हती. तेव्हाच्या व्यावसायिक शर्यती सट्टेबाजांच्या मुठीत होत्या. याच लिली ब्रिजवर १८८७ मध्ये हचेन्स आणि गेंट या व्यावसायिक धावपटूंची शर्यत सट्ट्याच्या भांडणात झालीच नाही. चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानाला आग लावली. हे सगळं दूर ठेवायचं तर कडक नियम हवेच होते.

प्रतिसाद २

सट्ट्याचा मुद्दा मान्य. पण सट्टा रोखायला मजुराला का रोखायचं? त्या कलमाचं समर्थन कुणीच करू शकणार नाही.

तरी १८८० लाही मी डोक्यावर घेणार नाही. वॉल्टर जॉर्जचं बघा. औषधविक्रेत्याकडे शिकाऊ म्हणून राबलेला मुलगा, १८८० च्या याच स्पर्धेत एक मैल आणि चार मैल दोन्ही शर्यती जिंकला. पुढे त्याला व्यावसायिक विल्यम कमिंग्जशी धावायचं होतं. पैसे रुग्णालयाला देतो म्हणाला, तरी संघटनेने परवानगी नाकारली. शेवटी तो व्यावसायिक झाला आणि १८८६ मध्ये ४ मिनिटे १२¾ सेकंदांत मैल धावला. ती वेळ १९१५ पर्यंत कुणाला मोडता आली नाही. त्या काळातला सर्वोत्तम मैल-धावपटू अजिंक्यपदाच्या बाहेर! ज्याचं पोट रोजच्या मजुरीवर आहे त्याने सरावाला वेळ आणि प्रवासाला पैसे आणायचे कुठून? दार उघडलं, पण उंबरठा तेवढाच उंच राहिला.

धागाकर्ता

जॉर्जवर अन्याय झाला, हे निर्विवाद. पण पैशाचा नियम मोडायचा की नाही, हे माणूस स्वतः ठरवू शकतो. मजुराच्या घरातला जन्म कुणी ठरवत नाही. मला हा फरक फार मोठा वाटतो.

प्रतिसाद ३

आपल्याकडचा दाखला देतो. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या १९१९ च्या स्पर्धांत खेड्यातली शेतकरी मुलं अनवाणी धावली. त्यांच्या वेळा पाहून दोराबजी टाटा थक्क झाले, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ पाठवण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्या संघातले फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. १८६६ च्या क्लबचा नियम पुण्यात असता तर ही मुलं कुंपणाबाहेर उभी राहून शर्यत बघत बसली असती. माझं मत १८८० ला.

प्रतिसाद १

त्या मुलांच्या प्रवासखर्चाला टाटांसारखा माणूस लागला, हेही लिहा. म्हणजे प्रतिसाद २ चा मुद्दा पुण्यातही लागू होतोच. १८६६ बद्दलचं माझं मत मात्र कायम आहे.